राखण कोणाची, राखणदार कोणाचा?

२०२४ सालच्या जून-जुलै महिन्यांत जुन्नर, आंबेगाव आणि शिरूर तालुक्यांतील अनेक गावांची झोप उडाली होती. रात्री आभाळात ड्रोन घिरट्या घालीत. ते कोणाचे, कशासाठी आले, ह्याचा खुलासा वेळेवर कोणी करीना. चोर घरांची टेहळणी करीत आहेत अशी बोलवा उठली आणि मळ्यामळ्यांतील तरुण काठ्या व बॅटऱ्या घेऊन आळीपाळीने पहाऱ्याला बसू लागले. दिवसभर शेतात राबलेली माणसे रात्र रात्र जागली.

त्या जागरणातून दोन गोष्टी दिसल्या. आपल्या गावांत एकमेकांसाठी उभे राहण्याची वृत्ती अजून जिवंत आहे, ही पहिली. आणि ज्या प्रश्नाचे उत्तर देणे सरकारचे काम होते, त्या प्रश्नाच्या वेळी सरकार लोकांना पुरेसे दिसले नाही, ही दुसरी. सरकार जेथे दिसत नाही ती जागा फार काळ मोकळी राहत नाही. काही दिवस ती लोक भरतात. लोक थकले की व्यापारी येतो. संरक्षण हीही आज विकत मिळणारी वस्तू झाली आहे. ह्या व्यापाराचा आणि सार्वजनिक सुरक्षेच्या कारभाराचा संबंध कसा जुळत चालला आहे, ह्याचा विचार कार्यकर्त्यांनी करण्याची वेळ आली आहे.

पुणे-नाशिक महामार्गाने खेडचा घाट चढून मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा असा प्रवास करावा. साखर कारखान्याचे फाटक, बाजार समितीचे आवार, बँकेचे दार, टोलनाका, मोठे रुग्णालय, नव्या वसाहतींची कमान, जेथे जावे तेथे गणवेशातला कोणी तरी उभा असतो. पन्नास वर्षांपूर्वी कारखान्याचा वा संस्थेचा स्वतःचा रखवालदार असे. तो हजेरीपटावर असे, त्याला संघटनेत येता येई, त्याचे नाव व गाव सर्वांना ठाऊक असे. आजचा रक्षक त्या संस्थेचा नोकर नसतो. तो एका कंपनीने पुरविलेला असतो, कंपनी कंत्राटावर असते, आणि कंत्राट दर वर्षा-दोन वर्षांनी बदलते.

ह्यात वावगे काय, असा प्रश्न विचारला जाईल, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात ह्याच महामार्गावरील १४ नंबर येथे एका पतसंस्थेवर दिवसाढवळ्या सशस्त्र दरोडा पडला आणि व्यवस्थापकाला गोळी लागून प्राण गमवावे लागले. त्या घटनेनंतर एखाद्या पतसंस्थेच्या संचालकांनी दाराशी रक्षक नेमला तर त्यांना दोष कोण देईल? शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या घामाच्या ठेवी त्यांच्या तिजोरीत आहेत. ओतूर, नारायणगाव, आळेफाटा, मंचर, घोडेगाव येथील पोलीस ठाण्यांच्या हद्दी दूरवर पसरलेल्या आहेत. घाटमाथ्यावरच्या वाडीत रात्री काही घडले तर ठाण्याची गाडी पोचायला किती वेळ लागतो, हे तेथे राहणाऱ्यांना सांगावे लागत नाही. तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या रक्षकाशी आपले भांडण नाही. आपले भांडण आहे ते संरक्षण ही प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे करून घ्यायची सोय आहे, ह्या हळूहळू रुजत चाललेल्या समजुतीशी.

जुन्या राखणीचा धडा

आपल्या भागाला ह्या प्रश्नाचा मोठा इतिहास आहे. नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. घाटातून जाणाऱ्या मालावरील जकात त्यात पडे असे परंपरा सांगते. जकात घ्यायची तर वाट सुरक्षित ठेवायची, हा राज्यसंस्थेचा सर्वांत जुना करार त्या रांजणात साठलेला आहे. पुढे सह्याद्रीतील घाटवाटा व किल्ले राखण्याचे काम महादेव कोळी नाईकांकडे, तर गावोगावची राखण रामोशी आणि महार ह्यांच्याकडे परंपरेने आली. चोरी झाली की राखणदाराने माग काढायचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत गेला की पुढची जबाबदारी त्या गावाची, अशी रीत होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी तिची नोंद करून ठेवली आहे.

ह्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती जातीवर बांधलेली होती. राखण करणाऱ्याला गावाच्या कडेला ठेवून त्याच्याच जिवावर गावाने निर्धास्त झोपावे, असा तिचा अन्यायी पाया होता. पण तिच्या अखेरीतून शिकण्यासारखे बरेच आहे. कंपनी सरकारने किल्ल्यांवरील शिबंदी मोडली, राखणीचे हक्क व वतने कमी केली, तेव्हा ज्यांचे पोट ह्या कामावर होते ते उघड्यावर पडले. उमाजी नाईकांचा उठाव ह्याच असंतोषातून उभा राहिला. १८३२ च्या फेब्रुवारीत त्यांना पुण्यात फाशी झाली. कोळ्यांचे उठाव १८२८ पासून पुन्हा पुन्हा होत राहिले आणि राघोजी भांगरे १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. राखणदाराला त्याच्या हक्कापासून तोडले की राखणही मोडते आणि राखणदारही, हा त्याचा अर्थ.

स्वातंत्र्यानंतर आपण जातीच्या राखणीच्या जागी नागरिकांच्या राखणीची कल्पना मांडली. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाचे वंशपरंपरागत पद गेले आणि नेमणुकीचे पद आले. १९५१ च्या पोलीस कायद्यात ग्रामरक्षक दलांची तरतूद आहे. म्हणजे गावाच्या सुरक्षेत गावाचा सहभाग असावा, पण तो कायद्याच्या चौकटीत आणि सरकारच्या उत्तरदायित्वाखाली असावा, हे तत्त्व आपण स्वीकारलेले आहे. प्रश्न अंमलाचा आहे. पोलीस पाटलाचे मानधन वर्षानुवर्षे तुटपुंजे राहिले. ६,५०० रुपयांवरून १५,००० रुपये करण्याचा निर्णय व्हायला २०२४ चा मार्च उजाडावा लागला. ग्रामरक्षक दले बहुतेक ठिकाणी चोऱ्यांची लाट आली की उभी राहतात आणि लाट ओसरली की विसरली जातात.

कायदा काय सांगतो

खाजगी सुरक्षेच्या बाबतीत महाराष्ट्राने एके काळी देशाला वाट दाखविली होती. १९६९ च्या माथाडी कायद्याच्या धर्तीवर १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण करणारा कायदा झाला. मालक, रक्षक आणि सरकार ह्यांच्या प्रतिनिधींचे मंडळ असावे, रक्षकाची नोंदणी मंडळाकडे व्हावी, वेतन मंडळामार्फत मिळावे, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा, औषधोपचार ह्यांची जबाबदारी मंडळाने वाहावी, अशी त्याची रचना आहे. कष्टकऱ्याच्या श्रमावर दलालाने जगू नये, एवढा साधा विचार त्यामागे आहे. परंतु कायद्यातच सवलतीची फट आहे. ज्या एजन्सीच्या रक्षकांना मंडळाइतकेच किंवा अधिक लाभ मिळतात त्यांना सरकार सूट देऊ शकते. कागदावर लाभ दाखवून सूट मिळविणे आणि नंतर तिच्या आडोशाने बारा-बारा तास राबविणे, ही तक्रार रक्षकांच्या संघटना आजवर करीत आल्या आहेत.

२००५ साली केंद्राचा खाजगी सुरक्षा एजन्सी नियमन कायदा आला. त्याची दृष्टी निराळी. एजन्सीला परवाना असावा, रक्षकाची पूर्वपीठिका तपासलेली असावी, त्याचा गणवेश पोलिसांसारखा नसावा, असे तो सांगतो. २००६ च्या नमुना नियमांत शंभर तासांचे वर्गशिक्षण आणि साठ तासांचे प्रत्यक्ष शिक्षण ठरवून दिले होते. मुंबईच्या कायद्याचे लक्ष रक्षकाच्या पोटाकडे होते, दिल्लीच्या कायद्याचे लक्ष एजन्सीच्या परवान्याकडे. ह्या पंचवीस वर्षांत कामगाराचा प्रश्न मागे पडून धंद्याचा प्रश्न पुढे कसा आला, हे समजून घ्यायचे तर हे दोन कायदे शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

अधिकाराच्या दृष्टीने पाहिले तर खाजगी रक्षकाला सामान्य नागरिकाहून तसूभरही जास्त अधिकार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे कोणताही नागरिक आपल्या डोळ्यांदेखत गंभीर, म्हणजे अजामीनपात्र व दखलपात्र, गुन्हा करणाऱ्याला धरू शकतो. पण त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली केले पाहिजे. झडती घेणे, डांबून ठेवणे, दमदाटीने कबुली घेणे ह्यांपैकी काहीही रक्षकाच्या अखत्यारीत येत नाही. तरीही फाटकावर मजुराची पिशवी उघडली जाते आणि मोटारवाल्याला सलाम ठोकला जातो, हे आपण रोज पाहतो. गणवेश खाजगी असला तरी त्याचा धाक सरकारी असतो, आणि तो धाक कोणाला वाटावा हे रक्षकाचा धनी ठरवितो.

सरकारच जेव्हा गिऱ्हाईक होते

येथवरची गोष्ट खाजगी मालमत्तेच्या राखणीची झाली. खरा धोका पुढे आहे. २०१० च्या कायद्याने महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळ स्थापन झाले. ते सरकारचे महामंडळ आहे, खाजगी कंपनी नव्हे. तरीही मनुष्यबळ कंत्राटाने पुरविण्याची त्याची रीत तीच आहे. २०२३ च्या जुलैत मुंबई पोलीस दलातील तुटवडा भरून काढण्यासाठी ह्या महामंडळाकडून तीन हजार जवान ११ महिन्यांपर्यंत घेण्याचा निर्णय झाला, तेव्हा विधिमंडळात त्यावर रण माजले. त्याच वर्षी ६ सप्टेंबरच्या शासननिर्णयाने नऊ खाजगी संस्थांमार्फत सरकारी मनुष्यबळ भरण्याची वाट उघडण्यात आली. राज्यभरचे तरुण रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरात तो निर्णय मागे घ्यावा लागला. लोकांनी रेटा दिला तर पाऊल मागे जाते, हे त्यातून सिद्ध झाले. पण पाऊल टाकण्याची इच्छा गेली, असे मात्र सिद्ध झाले नाही.

ही वाट कोठे जाते, हे पाहायचे असेल तर दक्षिण आफ्रिकेकडे पाहावे. वर्णद्वेषी राजवटीने आपले पोलीस काळ्या वस्त्यांतील असंतोष चिरडण्यासाठी वळविले आणि १९८० च्या राष्ट्रीय महत्त्वाच्या स्थळांच्या कायद्याने कारखान्यांच्या व प्रकल्पांच्या मालकांना स्वतःची सुरक्षा स्वतः उभी करणे भाग पाडले. राजवट गेली, पण तिने वाढविलेला धंदा राहिला. आज त्या देशात खाजगी रक्षकांची संख्या पोलिसांच्या दुपटीहून अधिक आहे. श्रीमंतांच्या वस्तीत तारेचे कुंपण आणि सशस्त्र गस्त, गरिबांच्या वस्तीत भीती, अशी तेथील सुरक्षेची विभागणी झाली आहे. मताचा अधिकार समान झाला, रात्रीची झोप समान झाली नाही.

आपल्याकडे ही विभागणी बिबट्याने उघडी केली आहे. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, पाणी आले, ऊस आला आणि उसात बिबट्या नांदू लागला. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जुन्नर वनविभागाच्याच हद्दीत, शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांच्या आत तीन माणसे बळी पडली. त्यांत दोन मुले होती. लोकांनी महामार्ग रोखला तेव्हा कोठे यंत्रणा वेगाने हलली. आता विचार करा, ह्या संकटात सुरक्षित कोण? ज्याच्या बंगल्याला भिंत आहे, प्रकाशझोत आहे, कॅमेरे आहेत आणि रखवालदार आहे तो. असुरक्षित कोण? ज्याला रात्रीच्या विजेच्या पाळीत पंप चालू करायला शेतात जावे लागते तो, उघड्या रानात वाडा टाकून बसलेला मेंढपाळ, आणि मराठवाड्यातून आलेला, उसाच्या कडेला पालात झोपणारा तोडणी कामगार. दिवसा वीज देणे ही येथे शेतीची मागणी राहिलेली नाही, ती सुरक्षेची मागणी झाली आहे. कोणत्याही सुरक्षा कंपनीच्या दरपत्रकात ती वस्तू मिळणार नाही.

हीच कसोटी तंत्रज्ञानालाही लावावी. पुणे ग्रामीण भागात एका क्रमांकावर फोन करताच गावातील नोंद केलेल्या सर्वांना निरोप पोचविणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा वापरात आली. चोर आला, आग लागली, बिबट्या दिसला की सारे गाव जागे करता येते. तिचा उपयोग झाला हे मान्य केले पाहिजे. पण हजारो कुटुंबांचे क्रमांक कोणाच्या हाती राहतात, वर्गणी न देणाऱ्या घराला निरोप जातो की नाही, चौकात लावलेल्या कॅमेऱ्यांचे चित्रण कोण पाहतो आणि किती दिवस ठेवतो, हे प्रश्न ग्रामसभेत विचारले गेले पाहिजेत. पोलीस चुकला तर त्याच्याविरुद्ध वरिष्ठांकडे, न्यायालयाकडे, विधिमंडळात जाता येते. माहितीचा अधिकार वापरता येतो. कंपनीच्या दप्तराला तो अधिकार थेट लागू होत नाही. तिचे उत्तरदायित्व तिच्या गिऱ्हाइकाशी असते, आणि गावातील गरीब माणूस तिचा गिऱ्हाईक कधीच नसतो.

गणवेशातला माणूस

ह्या साऱ्या चर्चेत ज्याचा विसर पडतो तो स्वतः रक्षक. तो कोण आहे? आहुप्यापासून नाणेघाटापर्यंतच्या पश्चिम पट्ट्यात भाताचे एक पीक आणि हिरड्याचा हंगाम ह्यांवर वर्ष निघत नाही. तेथील अनेक आदिवासी तरुण चाकणच्या कारखान्यांत आणि पुण्याच्या सोसायट्यांत रखवालदारी करतात. ज्यांच्या पूर्वजांनी घाटवाटा राखल्या त्यांचीच ही मुले. तेव्हा वतन गेले, आता नोकरीच नाही, केवळ पाळी आहे. दुसऱ्याच्या तिजोरीची राखण करणाऱ्याच्या स्वतःच्या घरात आजारपणाला शंभर रुपये शिल्लक नसावेत, ह्यासारखी विटंबना दुसरी कोणती?

५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधील सलवा जुडूमच्या प्रकरणात निकाल दिला. अल्पशिक्षित आदिवासी तरुणांना अपुऱ्या शिक्षणावर आणि तुटपुंज्या मानधनावर विशेष पोलीस अधिकारी म्हणून बंडखोरांविरुद्ध उतरविणे घटनाबाह्य ठरले. तो प्रसंग निराळा, तेथील हिंसा निराळी. पण त्यातले तत्त्व सर्वत्र लागू पडते. सुरक्षा स्वस्तात करण्यासाठी गरिबाच्या मुलाला धोक्याच्या पुढ्यात उभे करण्याचा अधिकार सरकारला नाही. दरोडेखोराच्या पिस्तुलासमोर काठी घेऊन उभ्या असलेल्या कंत्राटी रक्षकाच्या बाबतीतही हेच म्हटले पाहिजे.

मग आपण काय करावे? निषेधाचे ठराव पुरेसे नाहीत. दोन्ही तालुक्यांत हाती घेता येईल असे काम पुष्कळ आहे. प्रत्येक गावात पोलीस पाटलाचे पद भरलेले आहे की नाही ह्याची पाहणी करून प्रांताधिकाऱ्यांकडे पाठपुरावा करावा. ग्रामरक्षक दल ग्रामसभेच्या माहितीने, ठाण्यात नोंद करून, बारमाही उभे राहावे आणि त्यात सर्व जातींचे, सर्व वाड्यांचे तरुण व स्त्रिया असाव्यात. अनोळखी वाटसरूला किंवा भटक्या समाजाच्या माणसाला झोडपण्याची टोळी त्यातून होऊ नये, ही दक्षता कार्यकर्त्यांनीच घ्यायची आहे. सहकारी कारखाने, बाजार समित्या, पतसंस्था ह्यांच्या सर्वसाधारण सभांत सभासद म्हणून उठून विचारावे: आपला रक्षक मंडळाकडे नोंदलेला आहे काय, त्याची पाळी किती तासांची, त्याचा निधी भरला जातो काय? सहकाराचे नाव लावणाऱ्या संस्थेने सुरक्षा मंडळाऐवजी दलालाकडून घ्यावी, हे त्या नावाला शोभणारे नाही. लहान पतसंस्थांनी एकत्र येऊन मंडळाच्या रक्षकांची सामाईक व्यवस्था केली तर खर्चही विभागेल. आणि पोलीस दलातील रिकाम्या जागा कायम भरतीनेच भरल्या जाव्यात, ही मागणी सुरक्षेची आणि रोजगाराची अशी दुहेरी असल्याने ती एकाच मोर्चात मांडता येते.

शेवटी एक आठवण. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ गावचा एक गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी मालाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि चिरडला गेला. त्या ट्रकबरोबर पोलीस होते. व्यापाऱ्याचा माल सुखरूप जावा म्हणून सरकारची सत्ता रस्त्यावर उभी होती, आणि रस्त्यावरच्या माणसाचा जीव राखायला कोणी नव्हते. हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आज डिंभे धरणाच्या जलाशयाला दिलेले आहे. स्वातंत्र्याच्या लढ्याने पोलिसांची निष्ठा मालाकडून माणसाकडे वळविण्याचे वचन दिले होते. ते वचन पुरते पाळले गेलेले नसतानाच संरक्षणाचा मक्ता देऊन सरकार मोकळे होऊ पाहत असेल, तर त्याला अडविणे आपले काम आहे. वस्तीवरच्या शेवटच्या घराची रात्र कोण राखतो, ह्या प्रश्नाचे उत्तर सरकारने ‘आम्ही’ असेच दिले पाहिजे. ते उत्तर मिळेपर्यंत हा प्रश्न ग्रामसभेत, सर्वसाधारण सभेत आणि रस्त्यावर विचारत राहू.